आखाजीला माझंही साल ठरवा

बारेंद्रेख्त, नेदरलँड्स
रविवार, 5 एप्रिल 2026

तीर्थरूप आप्पा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर आप्पा "बरं, बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. मग आम्ही दोघी मावशीच्या गुडघ्यावर बोलत बसतो आणि माझं राहून जातं. म्हणून लिहिते आहे. छोटूच्या मोबाइलवर फोटो पाठवते. त्यानं ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायचं, मधलं काही गाळायचं नाही.

इथे आज ईस्टर. सगळं सामसूम. केळीला सुट्टी नसते, त्यामुळे सकाळी जाऊन पिकवणीच्या तीन खोल्यांची तापमानं लिहून आले.

परवा बॅग आवरताना जळगावच्या होस्टेलातली वही सापडली. शेवटच्या पानावर विसाव्या वर्षी लिहिलेली माझी ध्येयं, लाल शाईत. पंचविसाव्या वर्षी स्वतःची कंपनी. अठ्ठाविसाव्या वर्षी 100 कोटींची उलाढाल. तिसाव्या वर्षी मुंबईत ऑफिस आणि युरोपला निर्यात. सगळ्यात खाली, चौकट करून, फॉर्च्युनर. गाडीचा रंगसुद्धा लिहिलाय, आप्पा. पण माल कुठून आणायचा, पहिल्या दिवशी कुणाला विकायचा, याबद्दल अख्ख्या पानावर एक अक्षर नाही.

दोष माझ्या एकटीचा नाही. आपल्याकडे कॉलेजात जो पाहुणा येतो तो दोन गोष्टी सांगून जातो. एक वाकोदच्या भवरलालजी जैनांची: 1963 मध्ये घरच्या 7000 रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात केली आणि पुढे ठिबक जगभर नेलं. दुसरी अमळनेरची: तिथे 1945 मध्ये वनस्पती तुपाची कंपनी स्थापन झाली, तिचीच पुढे विप्रो झाली, अझीम प्रेमजींनी ती हाती घेतली तेव्हा ते 21 वर्षांचे होते. टाळ्या पडतात आणि आम्ही पोरं खोलीवर जाऊन वहीत कोटी लिहितो.

इथे रात्रपाळीला याच दोन गोष्टी पुन्हा मनात घोळवल्या. भवरलालजींनी केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन नावाचं द्रव्य काढायला सुरुवात केली ती 1978 मध्ये. म्हणजे रॉकेलपासून तिथवर 15 वर्षं. पाहुणे ती 15 वर्षं "आणि मग" एवढ्या दोन शब्दांत उरकतात. आणि प्रेमजी 1966 मध्ये अमेरिकेतलं शिक्षण टाकून आले ते वडील अचानक गेले म्हणून. वहीत लिहून ती वेळ आणलेली नव्हती.

आता मी इथे नेमकं काय करते ते सांगते, कारण "पोरगी हॉलंडला केळी पिकवते" यावर गावात हसतात हे छोटूनं सांगितलंय. इक्वेडोर, कोस्टारिकाहून हिरवी केळी जहाजानं येतात. एका मोठ्या कंटेनरमध्ये 1080 खोकी, एकेक 18 किलोचं. वाटभर 13-14 अंश. त्याखाली गेलं की साल काळवंडते. आपल्याकडे पौषात रात्री बागेत धूर करता ना, तेच दुखणं. आल्यावर खोलीत लावून साधारण दिवसभर इथिलीन, म्हणजे फळ पिकवणारा वायू, सोडायचा, मग खोली उघडून साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायचा आणि रोज अंशाअंशानं तापमान सांभाळायचं. पाच-सहा दिवसांत सगळी खोकी एका रंगाची होऊन निघतात. कार्बाइडची पुडी नाही. आपल्या देशातही कार्बाइडला बंदी आहे आणि इथिलीन 100 पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग, चालतं.

पहिल्या हिवाळ्यात माझ्या हातून एक अख्खी खोली बिघडली. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. मी भिंतीवरचा हवेचा आकडा बघत राहिले. केळीच्या गरात सुई खुपसून बघायचं ते दोन दिवस टाळलं. अर्धी खोकी पिवळी, अर्धी हिरवी. साहेब ओरडला नाही. एवढंच विचारलं, "कोणत्या तासाला काय होतं ते लिहिलंयस का?" लिहिलं नव्हतं. त्या रात्री खूप रडले. दुसऱ्या दिवसापासून वही उघडली. ही निळ्या शाईची. आता चौथी चालू आहे.

तर आता माझं ध्येय ऐका. आपल्या सावद्याजवळ, वरच्या मळ्यात, 10 टनांची एक पिकवणी खोली, पुढे धुण्याचा हौद आणि वजनकाटा. माल युरोपला नाही. जळगाव, भुसावळ, धुळे. हसू नका, आकडा ऐका. दोन एकरांत 3000 झाडं, घड 20 किलोचा धरला तर वर्षाला 60 टन. खोली महिन्यात पाच वेळा भरली तर 50 टन खाते. म्हणजे आपली सगळी बाग सव्वा महिन्यात संपली! उरलेल्या दिवसांचा माल दुसऱ्यांच्या बागेतून येणार. तो कोण देईल? ज्याला बोर्डावरचा भाव एक आणि बांधावर हातात दुसराच पडतो, असा माणूस; तुम्हीही त्यातलेच. त्याला मी वजन त्याच्यासमोर करून त्याच दिवशी पैसे दिले तरच तो दुसऱ्यांदा येईल. असे 20 शेतकरी मला हवेत. कोटींच्या जागी मी हा आकडा लिहिला आहे आणि खरं सांगते, 100 कोटी लिहिताना हात थरथरला नव्हता, 20 लिहिताना थरथरला.

तारखा केळीनंच ठरवल्यात. शिक्षणाचं कर्ज मार्च 2027 मध्ये फिटतं. मे महिन्यात मी येते. जूनमध्ये मृगबाग लागली की पहिली कापणी 2028 च्या पावसाळ्याच्या तोंडावर. तोवर खोली उभी पाहिजे. मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली तर? तो हिशेबही केलाय, म्हणून सगळी शिल्लक खोलीत घालणार नाही. एका सालाचा खर्च बाजूला ठेवणार आहे.

आई, नाशिकच्या स्थळाबद्दल. मी नाही म्हणत नाही. फक्त त्यांना आधी विचार, मुलगा सावद्याला राहील का? चेहरे कसे होतात ते मला कळव.

छोटू, तू बारावीला आहेस. तूही भिंतीवर काहीतरी चिकटवलंयस असं ऐकलं. राहू दे, काढू नकोस. फक्त त्याच्या खाली या आठवड्यात काय केलंस ते पेन्सिलीनं लिही.

आप्पा, आता मुद्द्याचं. अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, पंधरा दिवसांवर आली. सालदाराशी तुम्ही वर्षभराच्या कामाची बोलणी कराल, धान्य किती, रोख किती, कपडे किती. त्याच दिवशी माझंही साल ठरवा. काकांचा मुलगा वरचे दोन एकर बटईनं मागतोय. त्याला देऊ नका. विहिरीजवळची 20 गुंठे मला शेडसाठी भाडेपट्ट्यानं द्या, तोंडी नको, कागदावर. मुलगा असता तर तुम्ही कागद केला नसता हे मला माहीत आहे, पण बँक मलाच विचारेल. बोली मी आल्यापासून तीन सालांची. आखाजी 2030 ला खोली स्वतःच्या पायावर उभी नसेल तर कुलूप लावून चावी तुमच्या हातात देईन. तेव्हा मी 28 ची असेन.

आजीच्या नावची घागर भराल तेव्हा वर डांगर (खरबूज) ठेवायला विसरू नका. मागच्या साली राहिलं होतं. इथे कळण्याची भाकरी जमते, पण ठेच्याला आपली मिरची नाही.

उत्तर छोटूकडून टाइप करून नको. आप्पा, तुमच्या अक्षरात पाठवा, दोन ओळी असल्या तरी.

तुमची,
ताई