माझ्या आईचा फोटो कधी पुसणार? माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आई माझ्याकडे राहायला आली. इमारतीच्या फाटकावर पहारेकऱ्याने तिच्यासमोर मोबाइल धरला. फोटो काढतायत हे लक्षात आल्यावर तिने हातातली पिशवी खाली ठेवली, केस सारखे केले, चष्मा पुसून पुन्हा लावला आणि छान हसली. घरच्या फोटोत हसते तशीच. मी खाली पोहोचेपर्यंत तिचं नाव, फोन नंबर, कुणाकडे आली, किती वाजता आली, हे सगळं त्या हसऱ्या चेहऱ्यासकट भरून झालं होतं.

मी पहारेकऱ्याला विचारलं, "हा फोटो जातो कुठे?"
"वर जातो, मॅडम."
"वर म्हणजे?"

त्याने बोट वर केलं. त्याला माहीत नव्हतं आणि त्यात त्याचा काहीच दोष नाही. इमारतीच्या व्यवस्थापनाला विचारलं, तर त्यांनी कंपनीकडे बोट दाखवलं. कंपनीला लिहिलं, तर आपल्या माहितीची सुरक्षा आम्हाला महत्त्वाची वाटते, असं उत्तर आलं. मी एवढंच विचारलं होतं की फोटो किती दिवस ठेवता. तो आकडा मला आजतागायत मिळालेला नाही. आई चार दिवस राहून परत गेली. तिचा चेहरा मात्र अजून कुठेतरी आहे.

महोदय, माझी तक्रार कॅमेऱ्याविरुद्ध नाही. रात्री उशिरा घरी येताना जिन्यावर कॅमेरा आहे याचा मला आधार वाटतो. फाटकावर पूर्वीही माणूस बसायचाच. येणाऱ्या-जाणाऱ्याला बघायचा, दोन प्रश्न विचारायचा. पण संध्याकाळपर्यंत त्यातलं बहुतेक सगळं विसरून जायचा. त्याच्या त्या विसरण्याने आपल्या सगळ्यांना किती सांभाळलं होतं, हे मला आता कळतंय. त्यासाठी कधी कायदा करावा लागला नव्हता. यंत्र आपोआप विसरत नाही. साठवून ठेवणं इतकं स्वस्त झालंय की काही ठरवलं नाही तर सगळं राहतंच. पुसायचं तर कुणीतरी तसं ठरवावं लागतं, आणि तसं ठरवणारं कुणी मला तरी दिसलं नाही.

आणि राहिलेली गोष्ट ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला लागेल, याचा भरवसा कोण देणार? जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट पोलिसांनी एका माणसाला त्याच्या घरासमोर, बायको आणि दोन लहान मुलींच्या देखत अटक केली. एका दुकानातल्या चोरीच्या धूसर चित्रणाशी संगणकाने त्याचा चेहरा जुळवला होता. जुळवला कशावरून, तर त्याच्या जुन्या वाहन परवान्यावरच्या फोटोवरून. माणूस निर्दोष होता, तरी सुमारे तीस तास कोठडीत राहिला. गाडी चालवण्यासाठी दिलेला फोटो त्याला न विचारता पोलिसांच्या ओळख परेडीत उभा केला गेला होता. त्याने केलेल्या दाव्यात त्या शहराच्या पोलिसांनी २०२४ मध्ये तडजोड केली आणि केवळ चेहरा जुळला म्हणून अटक करणार नाही, असं मान्य केलं. चांगलं झालं. पण त्या मुलींनी जे पाहिलं ते पाहिलंच.

"नाव काढून टाकतो, मग काय बिघडतं?" असं हमखास सांगितलं जातं. २०१३ मध्ये संशोधकांनी एका युरोपीय देशातल्या पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या. नावं नव्हती. फक्त कोणता फोन कोणत्या तासाला कोणत्या टॉवरजवळ होता, एवढंच होतं. अशा चार नोंदी मिळाल्या की ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे काढता येत होते. मी माझ्या चार जागा मोजून पाहिल्या. घर, ऑफिस, दर गुरुवारी संध्याकाळी एक दवाखाना, महिन्यातून एकदा आईचं घर. हे चारही माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचे असणार नाहीत. आणि त्यातला गुरुवार मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगितलेला नाही.

इथे मला हटकून विचारतात, लपवण्यासारखं काही केलं नसेल तर घाबरायचं कशाला? या प्रश्नाचा मला मनापासून राग येतो. डॉक्टरांच्या खोलीचं दार आपण लावून घेतो, ते काही गुन्हा लपवायला नव्हे. दार उघडं असेल तर दुखणं नीट सांगताच येत नाही, म्हणून. मध्यंतरी एका आजाराचं नाव मी फोनवर शोधायला घेतलं. अर्धं टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं आणि शेवटी फोन पालथा ठेवला. उद्या याच्याच जाहिराती दिसू लागतील, शेजारी बसलेल्याला त्या दिसतील, आणखी कुठे याची नोंद होईल, असं एकेक डोक्यात येत गेलं. जी माहिती मला त्या दिवशी हवी होती, ती मी घेतलीच नाही. हे एकट्या माझ्या भित्रेपणाचं नाही. जून २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर संस्थेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनमुळे लोकांच्या फोन आणि इंटरनेटवरची अमेरिकी सरकारची पाळत उघडकीला आली. त्यानंतर दहशतवादाशी संबंधित विषयांवरचे विकिपीडियाचे लेख वाचणारे घटले, असं पुढे अभ्यासात दिसून आलं. त्या लेखांमध्ये बेकायदा काही नव्हतं. कुणीतरी बघतंय या जाणिवेने लोकांनी वाचणंच कमी केलं.

सरकारकडे माहिती सुरक्षित असते, असं आपण म्हणाल. अमेरिकी सरकारच्या कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयातून ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे चोरीला गेल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोटांचं काय करायचं? जे साठवलेलंच नाही ते चोरीला जाऊ शकत नाही. याहून भक्कम कुलूप मला तरी माहीत नाही.

हक्काची भाषा आपल्याला नव्याने शिकवायची गरज नाही. कुणाच्या खासगी आयुष्यात मनमानी ढवळाढवळ करू नये, असं सांगणारं १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं १२वं कलम आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. युरोपात मे २०१८ पासून आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क कायद्यात आहे. तिथल्या डेटा संरक्षण मंडळाने तर कॅमेऱ्याच्या चित्रणाबद्दल सांगून ठेवलंय की जितके जास्त दिवस ठेवाल, विशेषतः ७२ तासांच्या पुढे, तितकं ठोस कारण द्यावं लागेल. मला यातली ७२ तासांची गोष्ट सगळ्यांत जवळची वाटते, कारण तिच्यात घड्याळ आहे. हक्क कागदावर असतो. फाटकावरच्या माणसाला मात्र "किती दिवस?" याचं उत्तर तोंडपाठ असायला हवं.

म्हणून माझं मागणं एकच आहे. चेहरा, ठसा, ठिकाण, फोन नंबर, जे काही कुणी घेईल त्याच्यावर पुसण्याची तारीख घालणं कायद्याने सक्तीचं करा. ती तारीख घेतानाच सांगितली जावी, पहारेकऱ्याला वाचून दाखवता येईल अशा साध्या शब्दांत. "गरज असेपर्यंत ठेवू" ही तारीख नव्हे. दुसऱ्या कामाला वापरायचं असेल तर पुन्हा विचारावं लागावं. "नको" म्हणणाऱ्याला आत जायला दुसरी वाट असावी, वहीत नाव लिहिण्याची का असेना. आणि खरंच पुसलं की नाही हे अचानक येऊन तपासणारा कुणीतरी असावा, जो कंपनीचाही नसेल आणि ज्या खात्याने माहिती घेतली त्या खात्याचाही नसेल. सरकारी खात्यांना यातून सरसकट सूट देऊ नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. आम्ही कंपनीचं ॲप काढून टाकू शकतो, सरकारला नाही.

तपासाचं काय, असं पोलीस विचारतील. प्रश्न रास्त आहे. गुन्हा घडला असेल तर त्या वेळेचं, त्या जागेचं चित्रण रीतसर लेखी आदेश काढून राखून ठेवा. त्याला कुणाची हरकत असणार? पण त्याच दिवशी त्याच फाटकातून गेलेल्या बाकीच्या शेकडो माणसांना त्या गुन्ह्याच्या नावाखाली कायमचं साठवून ठेवू नका.

आई पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहे. फाटकावर तोच मोबाइल असेल आणि ती पुन्हा पिशवी खाली ठेवून केस सारखे करेल. हा फोटो अमुक दिवशी पुसला जाईल, असं मला तिला सांगायचं आहे. ती तारीख मला आपल्याकडून हवी आहे.

आपली,
एक नागरिक