सापळा रिकामा आहे, शेत नाही: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) वापरण्याचं महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं, ५०० कोटींची तरतूदही केली. त्याचं आम्हाला मनापासून समाधान आहे. मात्र या विषयावरचे विद्यापीठीय प्रकल्प बहुतेक वेळा ‘मॉडेल किती टक्के अचूक’ एवढ्यावरच संपतात. यंत्र आणि माणूस मिळून किती बरोबर निर्णय घेतात, हे मोजण्यासाठी स्वतंत्र निधी द्यावा, ही आमची विनंती आहे.

कपाशीवरची गुलाबी बोंडअळी घ्या. हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावायचे, रोज पतंग मोजायचे आणि सलग ३ रात्री सापळ्यामागे ८ पतंग आले की फवारणीचा निर्णय घ्यायचा. सापळ्याच्या फोटोवरून पतंग मोजणारं मॉडेल चांगले विद्यार्थी एका सत्रात उभं करतात. अडचण शेतात येते. सापळ्याच्या पिशवीत पतंग एकमेकांवर पडलेले असतात, मग ८ चे ५ दिसतात. पावसाचं पाणी साचलं की पंख चिकटून लगदा होतो. सगळ्यात घातक आकडा शून्याचा. ल्युर, म्हणजे सापळ्यातली गंधाची गोळी, वेळेवर बदलली नाही तर तिचा गंध उडून जातो, सापळा रिकामा राहतो आणि बोंडं आतून पोखरली जातात. यंत्र ठामपणे ‘शून्य’ सांगतं, आणि फोटोपुरतं ते खरंही असतं! म्हणून उत्तर देण्याआधी ‘ल्युर कधी बदलली?’ असं विचारणारं, आणि शंका असेल तर ‘२० हिरवी बोंडं फोडून पाहा, दोनांत अळी सापडली तर कळवा’ असं सांगणारं यंत्र हवं. कधी विचारायचं, किती वेळा विचारलं की शेतकरी कंटाळून ॲप बंद करतो, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे.

माणूस सोबत दिला की चूक आपोआप टळते, असंही नाही. ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये २०२४ साली १०६ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. माणूस आणि यंत्र यांची जोडी, त्या दोघांपैकी जो एकटा सरस होता त्याच्यापेक्षा सरासरीने कमीच पडली. निर्णय घेण्याच्या कामांत तर हे ठळकपणे दिसलं.

त्यामुळे चाचणीत तीन गट हवेत: फक्त शेतकरी, फक्त यंत्र आणि दोघे मिळून. तिसऱ्या गटात शेतकऱ्याने आधी स्वतःचा आकडा नोंदवायचा, यंत्राचा नंतर पाहायचा. क्रम उलटला तर माणूस यंत्राच्या आकड्याकडे ओढला जातो आणि त्याची स्वतःची नजर मोजताच येत नाही. ४० फोटोंत ८ ठिकाणी यंत्राचा आकडा मुद्दाम चुकीचा ठेवावा, म्हणजे किती जण चूक पकडतात ते कळेल. असे फोटो सरावाचेच असावेत. चालू फवारणीचा निर्णय त्यावर कधीही सोडू नये, आणि चाचणी संपताच बरोबर आकडे सांगावेत. संमतीपत्र मराठीत, नैतिकता समितीची मंजुरी आधी. ‘९० टक्के खात्री’ म्हणणारं यंत्र दहातून नऊ वेळा बरोबर येतं का, हेही तपासावं लागेल.

आता प्रशासनाचं. अभियांत्रिकी महाविद्यालयं आपल्या विभागाकडे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीची कृषी विद्यापीठं कृषी विभागाकडे. कीटकशास्त्रज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ एकाच प्रकल्पात असतील तर फाइल दोन्हीकडे फिरते. दोन्ही विभागांचा एकच संयुक्त शासन निर्णय काढावा. निधीत फक्त मॉडेल चालवायला लागणारी ग्राफिक्स कार्डं धरू नयेत. गावोगाव फिरणारे क्षेत्र-सहायक, त्यांचा प्रवास, ल्युर, आणि शेतकऱ्याच्या वेळेचा मोबदला हेही त्यात असावं. हे खर्च ‘इतर’ या शीर्षाखाली ढकलले की काटछाटीत पहिले तेच जातात.

पेरणी जूनमध्ये होते, पीक साधारण दीड महिन्याचं झालं की सापळे लागतात. त्याआधी माणसं नेमून शिकवायला हवीत. पैसे १५ मेपर्यंत हातात आले तरच हे जमतं. ऑक्टोबरात आले तर पुढच्या खरिपापर्यंत थांबावं लागतं.

आपले नम्र,
संगणकशास्त्र व कीटकशास्त्राचे काही प्राध्यापक