दवाखान्याचा कचरा जाळायच्या इन्सिनरेटरमधून अर्धी कच्ची राख येतेय, आणि वर तुमच्या सर्व्हिसवाल्याचं उत्तर

सर्व्हिस हेड साहेब,

आत्ताच तुमच्या माणसाशी बोलून फोन ठेवलाय, डोकं तापलंय तरी लिहितोय.

प्रायमरी चेंबरचा, म्हणजे कचरा आधी जळतो त्या खान्याचा, डिस्प्ले ८५० अंश दाखवतो आणि राखेत गॉजचे काळे गोळे येतात. एक गोळा चिमट्याने फोडला तर आतला कापूस पांढराशुभ्र! एलओआय, म्हणजे राखेत न जळता उरलेला भाग, ५ टक्क्यांच्या आत हवा हा नियम आहे, तुमच्या कोटेशनमध्येपण तेच छापलंय, लॅबचा रिपोर्ट आलाय ११. थर्मोकपल, तो तापमान मोजणारा सेन्सर, बर्नरच्या तोंडाशीच बसवलाय तर तो ८५० दाखवणारच ना, चार्जिंग दरवाजाकडचा कोपरा गार राहतो तो कोण बघणार? मशीन तुमची, हे मी सांगायचं का?

मी विचारलं या राखेचं आता करू काय, तर म्हणतो "सर राखच आहे ना, वीटवाल्यांना द्या, फ्लाय अ‍ॅशच्या विटा करतातच की सगळे." मला वाटलं गंमत करतोय. म्हटलं अहो ती पॉवर स्टेशनमधली कोळशाची राख, ही पिवळ्या पिशवीतल्या दवाखान्याच्या कचऱ्याची आहे. तर म्हणे "जळल्यावर सगळं सारखंच सर, जंतू मरतात." जंतू मरतात हो, शिसं आणि कॅडमियम मरतं का? ते राखेतच बसतं आणि पाणी लागलं की सुटतं, म्हणून तर किती सुटतं ते मोजणारी टीसीएलपी टेस्ट असते, लिटरला शिसं ५ मिलिग्रॅम, कॅडमियम १, त्याच्यावर गेलं की राख घातक कचऱ्यात. धूर गाळणाऱ्या बॅग फिल्टरची धूळ तर याहून वाईट, विषारी डायॉक्सिन तिथेच अडकतात. हे सगळं ऐकून त्याने मला होल्डवर टाकलं, गाणं लावलं, आणि परत येऊन विचारतो "अजून काही मदत करू शकतो का सर?" अजून?? आधी काय केलीस बाबा!

कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सांगता, ऐका एकदा.

इकडे शेडमध्ये गोण्यांची थप्पी लागलीये, पाऊस तोंडावर आलाय, घातक कचरा घेणारे टीएसडीएफवाले वजनावर पैसे घेतात म्हणजे तुमच्या न जळलेल्या कापसाचं भाडंपण आम्हीच भरायचं. आणि एमपीसीबीचे, म्हणजे प्रदूषण मंडळाचे, साहेब सँपल घ्यायला आले की नोटीस आम्हाला, तुम्हाला नाही. परत सांगतो, कापूस आतून पांढरा आहे, फोटो जोडलेत.

या आठवड्यात बर्नर कळणारा इंजिनिअर पाठवा आणि थर्मोकपलची जागा बदलून द्या. नाहीतर एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) चेक थांबवतोय, आणि हे फोटो, लॅब रिपोर्ट आणि तुमचं कोटेशन एमपीसीबीला मीच नेऊन देतो. तुमचं नाव ऐकून जास्त पैसे मोजले होते. येताना तो विटांवाला सोबत नको.