टाचेमागची गाठ आणि आपली रोजची गोळी

सप्रेम नमस्कार. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची ही विनंती. या वेळी ती सहलीच्या वर्गणीसाठी नाही!

गेल्या महिन्यात आमच्या बीपी तपासणीच्या टेबलापाशी एक टेम्पोचालक आले. वय ३६, सडपातळ, विडी-दारू नाही. त्यांनी चप्पल काढली आणि आमच्यातल्या निवृत्त सिस्टरबाईंची नजर त्यांच्या टाचेवर गेली. टाचेमागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा) दोरखंडासारखी जाड, बोटांच्या पेरांवर टणक गाठी. "बुटानं झालंय हो," ते म्हणाले. रक्त तपासलं तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, तब्बल २८६. गाठी साठलेल्या कोलेस्टेरॉलच्याच. वडील चाळिशीतच अटॅकनं गेलेले.

फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. नाव जिभेला झेपत नाही, पण हा आनुवंशिक दोष साधारण २५० माणसांत एकाला असतो. यकृताच्या पेशींवर एलडीएल आत ओढून घेणारी दारं असतात, ती कमी पडतात. कोलेस्टेरॉल म्हणजे तूप आणि वडापाव हा आपला समज. या गृहस्थांनी तूप कधीच सोडलं होतं.

आई आणि वडील दोघांकडूनही दोष आला, तर शाळेच्या वयातच अटॅक येऊ शकतो. अशाच रुग्णांच्या त्वचेच्या पेशी अभ्यासून अमेरिकेतल्या डॅलसच्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांनी ती दारं शोधली. १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. आपल्यातले कितीतरी जण रात्री कोलेस्टेरॉल उतरवायला स्टॅटिन घेतात, ती गोळी यकृताला हीच दारं वाढवायला लावते. २००३ मध्ये फ्रान्समधल्या अशाच घराण्यांत पीसीएसके९ या जनुकाचा दोष सापडला आणि त्यातून पुढे कोलेस्टेरॉल उतरवणारी नवी इंजेक्शनं आली. त्या घरांचं आपण देणं लागतो, असं मला तरी वाटतं.

आता कामाचं. टेम्पोचालकांना दोन मुली, भावाला तीन मुलं. दोष असलेल्याच्या प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. एकाला सापडला की अख्खं घर तपासायला हवं, पण रोजंदारी बुडवून लॅबमध्ये कोण जाणार? म्हणून कोपरी, कळवा, लोकमान्यनगर इथल्या अशा घरांची लिपिड तपासणी आम्ही करून देणार आहोत. माणशी ३५० रुपये खर्च आहे. कोजागिरीचे ४,२०० रुपये आम्ही आधीच इकडे वळवलेत (बासुंदीवरून थोडी कुरकुर झाली). पैशाइतकीच गरज आहे रविवारी सकाळी दोन तास रक्त काढायला येणाऱ्या टेक्निशियनची.

येत्या रविवारी ८ ते १० आम्ही मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर पावतीपुस्तक घेऊन बसू. तुमच्याच घरात कुणी कमी वयात हृदयविकारानं गेलं असेल, तर देणगी राहू द्या. ते किती वर्षांचे होते, तेवढं येऊन सांगा.