पेन ड्राइव्हला कुलूप लावा, पण खरे

प्रति,
संपादक महोदय,

ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, हे आता बँका सांगतात, पोलीस सांगतात, फोन लावला की सुरुवातीला वाजणारी टेपसुद्धा मध्यंतरी सांगत होती. खिशातला पेन ड्राइव्ह आणि कपाटातली पोर्टेबल हार्ड डिस्क यांच्याबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही. सीएच्या ऑफिसातली अशिलांची विवरणपत्रे, सोसायटीच्या चिटणिसांकडची सभासदांची आधार-पॅनची स्कॅन, लॅबचे रिपोर्ट, शाळेच्या याद्या हे सगळे त्यावरूनच इकडून तिकडे जाते. ड्राइव्ह रिक्षात राहिला, तर ज्याच्या हाती लागेल त्याला तो लॅपटॉपला लावण्यापलीकडे काहीच करावे लागत नाही.

"आमच्या ड्राइव्हला पासवर्ड आहे," असे पुष्कळ जण सांगतात. तपासले की बहुतेकदा चारपैकी एक प्रकार निघतो. पहिला, व्हिडिओ पाहून नोटपॅडमध्ये केलेली बॅच फाइल, म्हणजे विंडोजला द्यायच्या आज्ञांची यादी. ती फोल्डरचे नाव बदलते, त्याला लपवते आणि पासवर्ड विचारते. तो पासवर्ड त्याच फाइलमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेला असतो; राइट क्लिक करून 'एडिट' म्हटले की दिसतो. दुसरा, फुकटचे 'फोल्डर लॉक' सॉफ्टवेअर. त्यातली अनेक फायलींना फक्त 'हिडन' आणि 'सिस्टिम' हे गुण लावतात, आणि हाच ड्राइव्ह लिनक्सच्या संगणकाला लावला की सगळे फोल्डर समोर येतात. तिसरा, एक्सेलमधले 'प्रोटेक्ट शीट'. ते चुकून सूत्र पुसले जाऊ नये म्हणून आहे, गुपित राखायला नाही. (एक्सेलमध्ये खरे एन्क्रिप्शन, म्हणजे आतला मजकूरच कुलूपबंद करणे, 'इन्फो'मधल्या 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड'मध्ये असते, आणि तेही जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये कमकुवत.) चौथा, विंडोजचा लॉगिन पासवर्ड. तो त्या संगणकाचा असतो, बाहेर लावलेल्या ड्राइव्हशी त्याचा संबंध नाही.

या चारही प्रकारांत फायलींचे बाइट, म्हणजे आतला मूळ डेटा, जसेच्या तसे राहतात, फक्त दारावर एक पाटी लागते. एन्क्रिप्शनमध्ये बाइटच बदलतात आणि किल्लीशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. २००७ मध्ये ब्रिटनच्या महसूल खात्याने बालभत्त्याच्या नोंदींतली सुमारे अडीच कोटी लोकांची माहिती दोन सीडींवर भरून पाठवली आणि त्या वाटेत गहाळ झाल्या. सीडींना पासवर्ड होता, एन्क्रिप्शन नव्हते. पुढे २०१७ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळाचा पेन ड्राइव्ह रस्त्यावर सापडला, त्याला तर पासवर्डही नव्हता. तिथल्या माहिती आयुक्तांनी विमानतळाला १ लाख २० हजार पौंड दंड केला. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर वेगळे काही विकत घ्यायला नको. 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'टर्न ऑन बिटलॉकर' निवडा; बिटलॉकर म्हणजे विंडोजमधलीच एन्क्रिप्शनची सोय. (विंडोज ११ मध्ये तो पर्याय 'शो मोअर ऑप्शन्स'खाली सापडतो.) पासवर्ड दोनदा टाइप केल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की (पासवर्ड विसरल्यास ड्राइव्ह उघडणारी किल्ली) कुठे ठेवायची ते विचारले जाते. ती छापून घ्या. नंतर किती भाग एन्क्रिप्ट करायचा, हा प्रश्न येतो. कोऱ्या, नव्या ड्राइव्हला 'फक्त वापरलेली जागा' पुरे, काम दोन-चार मिनिटांत होते. आधी वापरलेल्याला 'संपूर्ण ड्राइव्ह'च निवडा, कारण पूर्वी डिलीट केलेल्या फायली खरे तर तिथेच पडून असतात आणि रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने निघतात. सेकंदाला ८ एमबी लिहिणाऱ्या साध्या ३२ जीबी पेन ड्राइव्हला त्यासाठी तासाच्या वर लागतो. १ टीबीची हार्ड डिस्क असेल तर रात्री लावून सोडा. शेवटच्या प्रश्नाला 'कम्पॅटिबल मोड' निवडला की ड्राइव्ह जुन्या विंडोजवरही उघडतो. काम चालू असताना ड्राइव्ह उपसू नका. काढायचाच असेल तर आधी 'पॉज' दाबा, नाहीतर फायली खराब होऊ शकतात.

विंडोजच्या होम आवृत्तीत बिटलॉकर लावता येत नाही, पण लावलेला ड्राइव्ह पासवर्ड देऊन उघडता येतो आणि त्यावर लिहिताही येते. त्यामुळे ऑफिसातल्या प्रो संगणकावर एकदा लॉक केलेला ड्राइव्ह घरच्या होमवर चालतो. हे माहीत नसल्याने कित्येक जण महागडी आवृत्ती उगाच विकत घेतात.

ज्यांच्याकडे होमच आहे, किंवा विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्ही आहेत, त्यांनी व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचे सॉफ्टवेअर वापरावे. ते मोफत आहे. २०१४ मध्ये बंद पडलेल्या ट्रूक्रिप्टवरून तयार झालेले. त्यात पूर्ण ड्राइव्ह एन्क्रिप्ट करता येतो, पण घरगुती वापराला आम्ही तो मार्ग सुचवत नाही. असा ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावला की विंडोजला तो ओळखू येत नाही आणि 'वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा' अशी खिडकी उघडते. घरातले कुणीतरी भाबडेपणाने 'फॉरमॅट' दाबते आणि संपले. त्याऐवजी 'क्रिएट व्हॉल्यूम'मधून 'एन्क्रिप्टेड फाइल कंटेनर' करा. ड्राइव्हवर एक मोठी फाइल तयार होते. व्हेराक्रिप्टमध्ये ती निवडून, एखादे ड्राइव्ह-अक्षर देऊन 'माउंट' केले की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी वापरता येते. एन्क्रिप्शनसाठी एईएस आणि पासवर्डपासून किल्ली बनवायला एसएचए-५१२ या ठरलेल्या निवडी तशाच राहू द्या. 'फॉरमॅट' दाबण्यापूर्वी खिडकीत माउस थोडा वेळ आडवातिडवा हलवायला सांगतात तो वेडेपणा नाही, त्या हालचालीतून किल्लीसाठी यादृच्छिकता, म्हणजे अंदाज बांधता न येणारे आकडे, गोळा होते. उघडताना काही सेकंद थांबावे लागते तेही मुद्दाम आहे. पासवर्डपासून किल्ली बनवताना एकच प्रक्रिया पाच लाख वेळा केली जाते, जेणेकरून अंदाजाने पासवर्ड शोधणाऱ्याला प्रत्येक प्रयत्नाला तेवढाच वेळ मोजावा लागावा.

यात दोन अडचणी येतात. ३२ जीबीपर्यंतचे बहुतेक पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. म्हणून मोठा कंटेनर हवा असेल तर ड्राइव्ह आधी एक्सफॅट या मोठ्या फायली मावणाऱ्या पद्धतीत फॉरमॅट करा. दुसरे, परक्या संगणकावर व्हेराक्रिप्ट चालवायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात; सरकारी कार्यालयात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये ते मिळत नाहीत. अशा ठिकाणी दोन-चार फायली न्यायच्या असतील तर सेव्हन-झिप या फायली एकत्र बांधणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यांची सेव्हन-झेड फाइल करा, पासवर्ड द्या आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर खूण करा, नाहीतर आत काय आहे याची यादी कुणालाही दिसते. झिपच हवी असेल तर एन्क्रिप्शनची पद्धत 'झिपक्रिप्टो' न ठेवता 'एईएस-२५६' करा. मात्र फाइल थेट त्या झिप किंवा सेव्हन-झेडमधून उघडली की तिची उघडी प्रत त्या संगणकाच्या टेम्प (तात्पुरत्या फायलींच्या) फोल्डरमध्ये तयार होते, हे ध्यानात असू द्या.

एवढे सगळे करून पासवर्ड जन्मतारखेचा ठेवला तर काय उपयोग? शंभर वर्षांतल्या सगळ्या तारखा मिळून साधारण साडेछत्तीस हजार होतात. सेकंदाला एकच प्रयत्न केला तरी साधारण दहा तासांत त्या संपतात. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष, हे सगळ्यांना पाठ आहे; तोच साचा उचलून स्वतःच्या ड्राइव्हला लावणारे कमी नाहीत. जपानमधल्या अमागासाकी शहरात २०२२ मध्ये साडेचार लाखांहून अधिक रहिवाशांची माहिती असलेला ड्राइव्ह एका कंत्राटी कर्मचाऱ्याकडून हरवला. तो एन्क्रिप्ट केलेला होता, ही कौतुकाची गोष्ट. पण पत्रकार परिषदेत अधिकाऱ्यांनी पासवर्ड तेरा अक्षर-अंकांचा असल्याचे सांगून टाकले, आणि शहराचे नाव अधिक साल मिळून बरोबर तेराच होतात हे लोकांनी लगेच मोजून दाखवले. ड्राइव्ह पुढे सापडला, पण पासवर्डची लांबीसुद्धा चारचौघांत सांगू नये.

पासवर्डसाठी शब्दकोश सहा ठिकाणी डोळे मिटून उघडा आणि हाती लागलेले सहा शब्द ओळीने घ्या. म्हण, अभंगाची ओळ, आवडते गाणे नको, कारण ते अंदाज करणाऱ्यालाही सुचते. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिणार असाल तर स्पेलिंग एकदाच ठरवून कागदावर लिहून ठेवा. 'व'साठी व्ही की डब्ल्यू, 'छ'ला एक एच की दोन, दीर्घ 'आ'ला एक ए की दोन, यातच सहा महिन्यांनी माणूस अडकतो. देवनागरी टाइप केली तर चालते, पण समोरच्या संगणकावर तोच कीबोर्ड असेल याची खात्री नसते.

पासवर्ड विसरल्यावर लोक आमच्यासारख्या रिकव्हरीवाल्यांकडे ड्राइव्ह घेऊन येतात. बिटलॉकर असेल आणि ४८ अंकी किल्ली सापडली तर ड्राइव्ह उघडतो. अनेक ड्राइव्हच्या किल्ल्या एकत्र ठेवल्या असतील, तर स्क्रीनवर दिसणारा 'की आयडी' छापील कागदावरच्या आयडीशी जुळवून पाहायचा. व्हेराक्रिप्टला अशी दुसरी किल्लीच नसते. पासवर्ड गेला की डेटा गेला, मग कुणी कितीही पैसे मागून 'काढून देतो' म्हणो. म्हणून किल्लीचा कागद ड्राइव्हच्याच पाकिटात न ठेवता घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा, आणि घरातल्या किंवा ऑफिसातल्या आणखी एकाला त्याची जागा माहीत असू द्या. 'या पीसीवर आपोआप अनलॉक करा' हा पर्याय लॅपटॉपवर टाळा, कारण लॅपटॉप आणि ड्राइव्ह एकाच बॅगेतून चोरीला जातात.

ड्राइव्ह बिघडण्याचा हिशेबही एन्क्रिप्शननंतर बदलतो. साध्या पेन ड्राइव्हचा थोडा भाग खराब झाला तर उरलेल्या फायली निघतात. व्हेराक्रिप्टमध्ये मूळ किल्ली हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या भागात असते. तेवढा भाग गेला तर बाकीचे शाबूत असूनही उघडत नाही. हेडरची एक प्रत कंटेनरच्या शेवटी असते, तरी 'टूल्स'मधून 'बॅकअप व्हॉल्यूम हेडर' करून ती छोटी फाइल दुसरीकडे ठेवावी. बिटलॉकरसाठी विंडोजमध्ये 'रिपेअर-बीडीई' ही आज्ञा आहे, पण तिलाही पासवर्ड किंवा रिकव्हरी की लागतेच. आणि काही झाले तरी एकुलती एक प्रत पेन ड्राइव्हवर नको.

बटणे किंवा बोटाच्या ठशाची जागा असलेले, स्वतःच एन्क्रिप्शन करणारे तयार ड्राइव्ह काही हजारांना मिळतात. सोय चांगली आहे, पण सुरक्षेच्या छापील प्रमाणपत्रावर डोळे मिटून विसंबू नका. २०१० च्या सुरुवातीला किंग्स्टन, सॅनडिस्क आणि व्हर्बेटिम यांच्या प्रमाणित ड्राइव्हमध्ये असे आढळले, की पासवर्ड तपासण्याचे काम संगणकावरचे सॉफ्टवेअर करते आणि बरोबर उत्तरानंतर प्रत्येक ड्राइव्हला तोच ठरावीक संदेश पाठवते. तो संदेश थेट पाठवला की पासवर्डशिवाय ड्राइव्ह उघडत असे. कंपन्यांना दुरुस्ती करावी लागली. शिवाय यातले काही ड्राइव्ह दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर आतली किल्ली पुसून टाकतात. घरात लहान मुले असतील तर याचा विचार खरेदीपूर्वीच करावा.

राहता राहिली झेरॉक्सची दुकाने. एन्क्रिप्शन बंद ड्राइव्हचे रक्षण करते. तिथल्या संगणकावर पासवर्ड टाकून तो उघडलात की त्या संगणकातल्या व्हायरसला सगळे तितकेच मोकळे, शिवाय टाइप केलेला पासवर्डही टिपला जाऊ शकतो. प्रिंटसाठी वेगळा, स्वस्तातला ४-८ जीबीचा ड्राइव्ह ठेवा. त्यावर छापायची तेवढीच पीडीएफ न्या, आणि परत आल्यावर महत्त्वाच्या संगणकाला लावण्याआधी अँटीव्हायरसने तपासून फॉरमॅट करा.

आपले,
संगणक दुरुस्ती आणि डेटा रिकव्हरीचे काम करणारे काही वाचक,
पुणे