लास व्हेगासमधील ताईंना, मिरजेहून

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

लास व्हेगासच्या उन्हात तुम्ही आम्हाला केलेल्या मदतीबद्दलचे हे आभाराचे पत्र तुम्हाला 2024 च्या जुलैतच मिळायला हवे होते. आम्ही तिथून निघण्याच्या आदल्या रात्री तुम्ही तुमचा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला होता आणि ती चिठ्ठी मी, चौतीस वर्षे बँकेत रोखपाल म्हणून काढलेल्या माणसाने, कुठे ठेवली ते मला आजतागायत सापडलेले नाही. तुमच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होते आणि त्याखाली गावाच्या जागी ‘इंडिया’ एवढेच होते. ते नाव माझ्या लक्षात आहे, पण तुमच्या नोकरीला उगाच बाधा नको म्हणून येथे लिहीत नाही. परदेशातल्या मराठी मंडळींत एकाने वाचलेले दुसऱ्यापर्यंत पोहोचते असा अनुभव आहे. त्या भरवशावर हे उघड पत्र लिहितो आहे.

आम्ही दोघे त्या आधीच्या महिन्यात मुलीकडे सॅन होजेला आलो होतो. तिला ऑफिसातून सुट्टी मिळेना, म्हणून तिने आम्हा दोघांचेच तीन रात्रींचे लास व्हेगासचे बुकिंग करून दिले. खोलीचे भाडे मिरजेतल्या बऱ्या लॉजपेक्षा थोडेसेच जास्त आहे, या आनंदात आम्ही पोहोचलो, तर काउंटरवर ‘रिसॉर्ट फी’ नावाचा रोजचा पन्नास डॉलरच्या घरातला आकडा पुढे आला. विमानतळावर सामानाच्या पट्ट्याकडे जातानाच जुगाराची मशीन पाहून सौ. म्हणाली होती, “इथं श्वास घ्यायचे तरी फुकट आहेत ना?” तिचा तो सूर पहिल्या संध्याकाळपर्यंत टिकला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे 9 जुलैला, आम्ही मूर्खपणा केला. खोलीच्या खिडकीतून तिथल्या आयफेल टॉवरची प्रतिकृती दिसत होती. मीरासाहेब दर्ग्यापासून स्टेशनपर्यंत चालावे एवढेच ते अंतर वाटले. तुमच्या स्ट्रिपवरच्या, म्हणजे कसिनो-हॉटेलांच्या त्या मुख्य रस्त्यावरच्या, इमारती चार-चार, पाच-पाच हजार खोल्यांच्या आहेत, त्यामुळे त्या लांब असूनही जवळ दिसतात, हे गणित आम्हाला नंतर कळले. त्या आठवड्यात पारा रोज 46 अंशांच्या वर जात होता आणि दोनच दिवसांपूर्वी, 7 जुलैला, तिथल्या तापमानाने 48.9 अंशांवर जाऊन आधीचे सगळे उच्चांक मोडले होते. आम्हीही सांगली-मिरजेचा एप्रिल-मे काढलेली माणसे, उन्हाचे काय एवढे, या ताठ्यात निघालो. पण आपल्याकडे ऊन लागते तेव्हा घाम येतो आणि माणूस सावध होतो. तिथे घाम अंगावर येण्याआधीच वाळून जातो, त्यामुळे शरीरातले पाणी जाते आहे हे कळतच नाही. त्यातून सौ.ची रक्तदाबाची गोळी लघवीवाटे पाणी काढणारी. ट्रॉपिकाना अव्हेन्यूच्या अलीकडच्या बसथांब्यावर ती “अहो, मला गरगरतंय” एवढे म्हणाली आणि खाली बसली.

तुम्ही आमच्या पुढे उभ्या होतात. काळी पँट, पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी. अशा वेळी मराठी माणूस “तुम्ही महाराष्ट्रातले का? कुठले?” असे विचारतो, आणि मी विचारले असते. तुम्ही वळून विचारलेत, “शेवटचं पाणी कधी प्यायलं होतं?” ताई, तुमचे अनंत उपकार आहेतच, पण त्यातला हा प्रश्न मला सर्वांत मोठा वाटतो.

त्यानंतरची वीस मिनिटे मी तुमच्या मागून चालत होतो, एवढेच मला आठवते. तुम्ही तुमची छत्री सौ.च्या डोक्यावर धरलीत, तिला जवळच्या कसिनोच्या दारातून आत नेलेत आणि एका स्लॉट मशीनपुढच्या खुर्चीत बसवलेत. मी बिचकलो, तेव्हा म्हणालात, “काका, खेळायचं नाही, नुसतं बसायचं. इथं खुर्ची मशीनपुढंच मिळते, म्हणून तर लोक बसतात.” मग कॉफीच्या टपरीवरून थंडगार पाण्याचा मोठा पेला, साखरेच्या आणि मिठाच्या कागदी पुड्या आणल्यात, दातांनी एकेक पुडी फाडून त्यात रिकामी केलीत, नळीने ढवळून आधी स्वतः चाखलेत आणि अजून एक साखरेची पुडी टाकलीत. सौ.ला घोटघोट प्यायला लावलेत, एकदम नाही. अर्ध्या तासात तिच्या चेहऱ्यावर रंग आला आणि तिने तुमचे माहेर विचारले, तेव्हा मला कळले की ती आता ठीक आहे. पंचगंगेच्या काठचे माहेर म्हटल्यावर तर तुम्ही दोघी मला विसरूनच गेलात. तुमची एक बस चुकली, दुसरीही चुकली. तुम्हाला कामावर पोहोचायचे होते, हे तुम्ही आम्हाला निघताना सांगितलेत. छत्री तिच्याच हातात ठेवून गेलात.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी उन्हे उतरल्यावर आम्ही बसने तुमच्या कसिनोत आलो आणि तुम्ही पत्ते वाटता त्या ब्लॅकजॅक नावाच्या जुगाराच्या टेबलापासून चार पावले मागे उभे राहिलो. तो अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. भोवती घंट्या, दिवे, धूर, अर्ध्या कपड्यांतल्या पोरी, आणि मी पाहत होतो ते तुमचे हात. गिऱ्हाईक नोटा तुमच्या हातात देऊ शकत नाही, त्याला त्या टेबलावर ठेवाव्या लागतात; तुम्ही त्या कापडावर एकेक करून अशा पसरता की वरच्या कॅमेऱ्याला प्रत्येक नोट वेगळी दिसावी, मोठ्याने रक्कम सांगता, तेवढ्या चिप मोजून पुढे सारता आणि मगच नोटा फटीतून खालच्या पेटीत ढकलता. दुसरी बाई तुमच्या जागी उभी राहायला आली, तेव्हा तुम्ही टाळी वाजवल्यासारखे करून दोन्ही तळवे उलटसुलट दाखवलेत, हातात काही नाही म्हणून. आमच्या बँकेतही संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय कुणी उठत नसे, पण आमच्यावर असा अविश्वास उघडपणे कुणी दाखवला नव्हता, आणि अविश्वासाचे तेच काम इतक्या डौलात करणारेही मी कुणी पाहिले नव्हते.

तुमच्या वीस मिनिटांच्या सुट्टीत तुम्ही आमच्याबरोबर बसून जे सांगितलेत, ते तुमच्या मालकाच्या धंद्याच्या विरुद्ध होते, हे मला तेव्हाच जाणवले. मी रुलेट या चाक-गोळीच्या जुगाराबद्दल विचारले, कारण चाकावर आकडे असल्याने ते मला मटक्यासारखे, म्हणजे ओळखीचे वाटले. तुम्ही पेपर नॅपकिनवर हिशेब मांडलात. चाकावर 1 ते 36 आकडे, शिवाय एक शून्य आणि एक दुहेरी शून्य, म्हणजे 38 घरे. प्रत्येक घरावर एकेक डॉलर लावला तर 38 डॉलर गेले. ज्या घरात गोळी पडते त्याचे 35 मिळतात आणि तिथला एक परत येतो, म्हणजे 36. दर फेरीला दोन डॉलर कसिनोचे, शेकडा 5.26. काही टेबलांवर आता तिसरे शून्यही आले आहे, तिथे 39 मागे तीन जातात, शेकडा 7.69. तुमच्याच ब्लॅकजॅकमध्येही पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस झाले तर पूर्वी दहा डॉलरला पंधरा मिळत, आता बऱ्याच टेबलांवर बाराच मिळतात आणि फलकावर तसे लिहिलेले असूनही लोक ते वाचत नाहीत, हेही तुम्हीच दाखवलेत. एवढी वर्षे व्याजाचे तक्ते पाहिलेल्या मला हे दोन मिनिटांत पटले. सौ.ला मात्र तुम्ही वेगळे सांगितलेत: “काकू, हौस असेल तर नाटकाच्या तिकिटाएवढे पैसे वेगळे काढा आणि ते गेले असं समजून बसा.” ती वीस डॉलर घेऊन बसली. दिवाळीत लक्ष्मीपूजनानंतर तीन पत्ती खेळताना माझी बायको जशी ओठ दुमडून बसते, तशीच बसली होती. नाणी पडण्याचा खळखळाट होईल अशी तिची अपेक्षा होती. शेवटी मशीनमधून साडेअकरा डॉलरची कागदी पावती आली. तिचे म्हणणे असे की पावती येणार हे आधी कळते तर बसलेच नसते.

तुमच्या वागण्यात फुशारकी नव्हती, हे आवर्जून लिहितो. अमेरिकेत स्थिरावलेल्या काही मंडळींकडे गेले की मायदेशाच्या रस्त्यांपासून सुरुवात होते. तुम्ही तर तुमच्या गावाचीच गंमत सांगत होतात. हा झगमगता स्ट्रिप लास व्हेगास शहराच्या हद्दीत जवळजवळ येतच नाही, त्याचा बराचसा भाग पॅराडाइज नावाच्या वस्तीत मोडतो आणि त्याचा कारभार क्लार्क काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, पाहते. 1941 मध्ये पहिले हॉटेल तिथे काढणाऱ्याने शहराचे कर चुकवण्यासाठीच हद्दीबाहेरची जागा धरली. जकातनाक्याच्या पलीकडे दुकान टाकणारे आमच्याकडेही होते, असे मी म्हणालो, तेव्हा तुम्ही जोरात हसलात.

बेलाजिओ हॉटेलच्या कारंज्यांपाशी मात्र सौ. चिडली होती, आणि त्या रागाला कारण होते. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हते, तेव्हा आमच्या मिरज स्टेशनातून पाण्याची रेल्वे सुटली होती. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. ती गाडी पाहायला गेलेली बाई वाळवंटात, जिथे वर्षाला जेमतेम चार इंच पाऊस पडतो, गाण्याच्या तालावर पाणी नाचताना पाहून काय म्हणणार? तुम्ही तिची समजूत घातली नाहीत, माहिती दिलीत. त्या तळ्याचे पाणी पूर्वी तिथे असलेल्या ड्यून्स हॉटेलच्या गोल्फच्या मैदानाला लागणाऱ्या विहिरीचे आहे; शहराला पाणी मुख्यतः हूवर धरणामागच्या लेक मीडमधून, म्हणजे कोलोरॅडो नदीतून येते; आणि घरात, हॉटेलात नळाने वापरलेले जवळजवळ सगळे पाणी शुद्ध करून पुन्हा त्याच जलाशयात सोडले जाते, म्हणून तिथे न्हाणीघरापेक्षा अंगणातली हिरवळ महाग पडते. तिचा राग पुरता गेला नाही. माझाही गेलेला नाही. पण परत आल्यापासून आमच्या सोसायटीच्या सभेत सांडपाण्याचा विषय तीच काढते आणि सेक्रेटरी तिला टाळतात.

आता त्या शेवटच्या रात्रीविषयी. आम्ही मिरजेचे म्हटल्यावर तुम्ही म्हणाला होतात, “आणि मी मिराजची,” कारण तुमची पहिली नोकरी ‘द मिराज’मध्ये होती. मृगजळाच्या नावाचे ते हॉटेल 1989 मध्ये सुरू झाले आणि आम्ही आलो त्याच्या पुढच्याच आठवड्यात, 17 जुलैला, बंद होणार होते. तुम्ही आम्हाला त्याच्यासमोर नेलेत. दर्शनी कृत्रिम ज्वालामुखीही त्याबरोबर जाणार होता. तीन हजारांवर माणसांची नोकरी जाते आहे, त्यांत आपल्या कितीतरी मैत्रिणी आहेत, जागी गिटारच्या आकाराचे हॉटेल येईल तेव्हा त्यांतल्या कितीजणींना परत घेतील सांगता येत नाही, असे तुम्ही अगदी सपाट आवाजात सांगत होतात आणि मागून पर्यटक फोटोसाठी आम्हाला बाजूला व्हायला सांगत होते. आम्हाला काय बोलावे ते सुचले नाही. आदल्या दिवशी तुम्ही आमच्यासाठी इतके केले होते आणि तुमच्या मनात तेव्हाही हे सगळे चालू असणार, याची आम्हाला लाज वाटली. त्या रात्री बोलायचे राहून गेले, म्हणून आता विचारतो: तुमच्या मैत्रिणींचे काय झाले?

निघताना मी पाकिटातून पन्नास डॉलर काढले, तेव्हा तुम्ही दोन्ही तळवे टेबलावर दाखवता तसे उलटसुलट करून दाखवलेत. त्यावर सौ.ने हॉटेलच्या दिव्याखाली तुमच्या ओटीत तिच्या पिशवीतला उरलेला लाडवांचा डबा घातला, तेवढाच काय तो आमच्याकडून आला.

तुमची छत्री आमच्याकडेच आहे. विमानात बसल्यावर आठवली. काळ्या रंगाची, लाकडी मुठीची. गेल्या पावसाळ्यात तिची एक काडी वाकली होती, ती मी लक्ष्मी मार्केटजवळ दुरुस्त करून घेतली आहे. पत्ता कळवलात तर मुलीच्या हाती पाठवतो, आणि इकडे येणे झाले तर घेऊन जायलाच या. सौ. म्हणते, जेवायला थांबणार असाल तरच देऊ.

आपला नम्र,
रक्तदाबाच्या गोळीवाल्या काकूंचे यजमान, मिरज