डॉट इनवरचं नाव परत मिळवणं छोट्या दुकानदारालाही परवडायला हवं

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आमच्या वहिनींचं लालबागला मसाल्याचं दुकान आहे, आईंनी सुरू केलेलं, त्यांच्याच नावाचं. मे महिन्यात, मिरच्या कांडायच्या ऐन सीझनला एक ताई दुकानात आल्या आणि मोबाईल काउंटरवर ठेवून म्हणाल्या, पैसे भरून आठवडा झाला, माझा मालवणी मसाला कुठाय? स्क्रीनवर आमच्या दुकानाचं नाव, पुढे डॉट इन, फोटो आमच्याच बरण्यांचे, एका बरणीवर तर वहिनींच्या हातचं लेबल सरळ वाचता येत होतं, आणि खाली क्यूआर कोड भलत्याच कुणाचा तरी. आमची वेबसाइट नव्हतीच. पुढे ते पान गेलं आणि त्या जागी 'डोमेन विकणे आहे' असं आलं (डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता), चौकशी केली तर आकडा असा सांगितला की वहिनींनी विषयच सोडला. शेवटी नावापुढे लालबाग जोडून दुसरं डोमेन घेतलं.

दुसऱ्याच्या नावावर आधीच जाऊन बसायचं आणि मग पैसे मागायचे, याला सायबरस्क्वॉटिंग म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदा नाही, अमेरिकेत १९९९ पासून आहे. पण म्हणून हातावर हात धरून बसायची गरज नाही, कारण त्याच १९९९ मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टाने रेडिफ या वेबसाइटच्या केसमध्ये 'रॅडिफ' असं डोमेन घेणाऱ्यांना थांबवलं होतं, इंग्रजीत फरक फक्त एका अक्षराचा, आणि २००४ मध्ये सिफी या इंटरनेट कंपनीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळतं.

शिवाय डॉट इनसाठी कोर्टाच्या बाहेरचा रस्ता आहे, तो फार कुणाला माहीतच नाही. डॉट इनचा कारभार निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया) ही संस्था बघते आणि डोमेनची भांडणं सोडवायला २००५ पासून तिची आयएनडीआरपी नावाची पॉलिसी आहे. तुम्ही तक्रार करायची, निक्सी लवाद नेमते, निकाल साधारण ६० दिवसांत. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव तुमच्या नावासारखं आहे, समोरच्याचा त्यावर खरा हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलंय किंवा वापरतोय. डॉट कॉमच्या नियमात वाईट हेतूने घेतलं आणि वाईट हेतूने वापरलं, हे दोन्ही दाखवावं लागतं, आपल्याकडे एक पुरतं, म्हणजे नियम तक्रारदाराच्या बाजूचा आहे. अर्थात साईकृपा, समर्थ असली नावं मुंबईत गल्लोगल्ली आहेत, त्यावर एकट्याने हक्क सांगता येणार नाही आणि येऊही नये.

पण मसाल्याच्या दुकानातली बाई ही तक्रार करणार कशी? वकील सोडा, नुसती तक्रारीची फीच हजारांत जाते, आणि जिंकलात तरी नाव तुमच्याकडे येतं किंवा रद्द होतं, झालेल्या नुकसानीची भरपाई नाही. कामकाज इंग्रजीत. २०१४ मध्ये डॉट भारत आलं, देवनागरीत नाव घ्या म्हणून सांगितलं, मग देवनागरीतल्या नावाचं भांडण मराठीत का चालू नये, हे मला खरंच कुणीतरी समजावून सांगावं.

ट्रेडमार्कचा अर्ज ऑनलाइन करताना मोठ्या कंपनीला ९,००० रुपये आणि छोट्या उद्योगाला ४,५०० रुपये लागतात, म्हणजे छोट्यांना अर्धी फी हे तत्त्व सरकारने मान्य केलेलंच आहे, तेच निक्सीच्या तक्रारीच्या फीलाही लावा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करतानाच माणसाला आयएनडीआरपीची ही पॉलिसी मराठीत दोन ओळींत सांगा. बँकांच्या बाबतीत किती झटपट झालं बघा, रिझर्व्ह बँकेने बँक डॉट इन हे वेगळं डोमेन आणलं, सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं, बाहेरच्या कुणाला तिथे नाव मिळतच नाही. बँकांना ते हवंच होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण मग इच्छाशक्ती असली की होतं ना?

आणि दुकानदार बंधूभगिनींनो, वेबसाइट करून देणारा मुलगा कितीही ओळखीचा असला तरी डोमेन त्याच्या ईमेलवर नको, तुमच्या नावावर घ्या, रिन्यूअलची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, चुकली की टपून बसलेले असतातच. जुनी बिलं, फूड लायसन्स, छापील पिशव्या, वर्तमानपत्रातल्या जाहिराती टाकून देऊ नका. ट्रेडमार्क रजिस्टर नसला तरी नाव किती वर्षं वापरताय हे त्यावरूनच सिद्ध होतं.

फी आणि भाषा या दोन मुद्द्यांवर निक्सीकडे तुमच्या वर्तमानपत्राने विचारणा करावी आणि उत्तर छापावं, ही विनंती.

आपली,
एक वाचक, परळ, मुंबई